अपघातानंतर "सगळं रेकॉर्ड ठेवा" म्हणजे नक्की काय काय ठेवायचं?

मनस्विनी_के

नमस्कार मंडळी. मोठ्या बहिणीला नुकतंच रस्ता ओलांडताना एका गाडीने उडवलं. उजवं मनगट मोडलंय, प्लेट टाकली, गुडघ्याला मार आहे, डोकंही आपटलंय पण स्कॅन नॉर्मल आला. आता घरी आहे. गाडीवाल्याच्या इन्शुरन्सकडे नुकसानभरपाईचा क्लेम करायचाय, वकिलांशी पहिलं बोलणं झालं तर त्यांनी घाईघाईत एवढंच सांगितलं की "सगळं रेकॉर्ड ठेवा" आणि फोन ठेवला. सगळं म्हणजे काय? बिलं एका पिशवीत टाकतेय. कोणीतरी म्हणालं रोज डायरी लिहा, तर ताई म्हणते मी काय लेखिका आहे का, आणि उजव्या हाताला प्लास्टर असताना लिहू कशी. ज्यांनी यातून काढलंय त्यांनी प्लीज सांगा, मला कायदा वगैरे नकोय, रोजच्या रोज काय करायचं ते हवंय.

निवांत_मी

ताईंना लवकर बरं वाटो. मला विचाराल तर डायरी वगैरे जरा जास्तच होतंय. फ्रॅक्चर आहे, ऑपरेशन आहे, एक्सरे आहे, बिल आहे. अजून काय पुरावा पाहिजे? रिपोर्ट बोलतातच की.

खडूस_म्हातारा

निवांतराव, रिपोर्ट बोलतात, पण अर्धवट बोलतात. मी आयुष्यभर क्लेम खात्यात नोकरी केली, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, तेव्हा तिकडून हे कसं दिसतं ते सांगतो. एक्सरे सांगतो हाड मोडलं आणि पुढचा एक्सरे सांगतो हाड जुळलं. मधे त्या माणसाला किती दिवस स्वतःचे केस विंचरता आले नाहीत, कामावर परत गेल्यावर दुपारनंतर हात ठणकायचा का, रात्री कुशीवर झोपता येत होतं का, हे कुठल्याच रिपोर्टात नसतं. डॉक्टर पाच मिनिटं बघतो आणि "प्रकृती स्थिर, फॉलोअपला या" असं लिहितो, त्याचं काम तेवढंच असतं. आणि आमच्याकडे फाईल आली की आम्ही काय बघायचो? खरं सांगतो, दुखापत केवढी हे नंतर, आधी विसंगती शोधायचो. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं सापडलं की पुढचं सगळं बोलणं त्याच्याभोवती फिरतं.

म्हणून मनस्विनीबाई, डायरीच्या आधी एक काम करा. हॉस्पिटलात नेलं त्या पहिल्या दिवशीचा केसपेपर काढा आणि त्यावर "कसं लागलं" या जागी काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. आजच वाचा. आणि इथे सांगा.

मनस्विनी_के

काका, वाचला. हादरले. "हिस्टरी ऑफ फॉल" एवढंच लिहिलंय!! गाडीचा उल्लेखच नाही. आणि एका ठिकाणी मनगट "लेफ्ट" लिहिलंय, बाकी सगळीकडे राईट. तिला आणणाऱ्या माणसाने दारात "पडल्या आहेत" म्हटलं असणार, ती स्वतः तेव्हा गोंधळलेलीच होती. खाली "जीसीएस १५/१५" असंही आहे, ते काय असतं?

डॉ_उंटावरचा

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन न्यूरोसर्जननी आणलं. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल या तीन गोष्टींना मार्क, कमीत कमी ३ आणि पूर्ण म्हणजे १५. तेव्हा १५ म्हणजे तपासणीच्या त्या मिनिटाला त्या शुद्धीत होत्या, नीट उत्तरं देत होत्या. याचा अर्थ डोक्याला काही झालंच नाही असा होत नाही, स्कॅन नॉर्मल असला तरी कन्कशन, म्हणजे डोकं आपटून मेंदूला बसलेला हादरा, असू शकतं, आणि डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, चिडचिड, विसरणं, लक्ष न लागणं हे काही तासांनी किंवा दिवसांनीसुद्धा सुरू होतं. असं काही असेल तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा आणि त्या भेटीत ते कागदावर येऊ द्या. उलट्या वाढल्या, झापड आली, डोकेदुखी वाढतच गेली तर क्लेमबिम बाजूला ठेवून थेट इमर्जन्सीला न्या.

आणि हो, कॅज्युअल्टीत एकाच वेळी चार पेशंट आलेले असतात, "लेफ्ट-राईट" होतं. मुद्दाम कोणी करत नाही.

वकिलीणबाई

वाचत होते, आता राहवेना. दुरुस्तीबद्दल आधी सांगते कारण इथे लोक घोळ घालतात.

केसपेपरवर स्वतः पेन लावायचं नाही. डॉक्टरांनाही "ते खोडून बदलून द्या" म्हणायचं नाही. खाडाखोड केलेला मूळ कागद हा चुकीच्या कागदापेक्षा वाईट, कारण मग प्रश्न दुखापतीचा राहत नाही, तुमच्या खरेपणाचा होतो. हॉस्पिटलला लेखी अर्ज द्यायचा की अमुक तारखेच्या नोंदीत अपघाताचं कारण अपुरं आहे आणि एका ठिकाणी बाजू चुकलीय, सोबत ऑपरेशन नोट आणि एक्सरे बघावा, आणि पुरवणी नोंद करावी. पुरवणी नोंद म्हणजे जुनं तसंच राहतं, खाली आजची तारीख घालून, सहीनिशी खुलासा येतो. अर्जाच्या तुमच्या प्रतीवर मिळाल्याची सही-तारीख घ्या. त्यांनी नाही म्हटलं तरी अर्ज दिला होता हेच नंतर उपयोगी पडतं. अ‍ॅम्ब्युलन्सचा कागद, पोलिसांकडची नोंद, यात गाडी आहेच ना? मग घाबरू नका.

दुसरं, दावा किती मुदतीत दाखल करायचा हे प्रत्येक देशाच्या कायद्यात वेगळं असतं, ते तुमच्या वकिलांकडून पहिल्याच भेटीत तारखेसकट लिहून घ्या.

सायकलवेडा

मला मागे एका कारने दार उघडून पाडलं होतं, कॉलरबोन. त्यातून जे कळलं ते लिहितो, विस्कळीत आहे, चालवून घ्या.

पावत्या. दुकानात मशीनमधून येतात त्या गुळगुळीत पावत्या म्हणजे थर्मल पेपर, त्यात शाई नसतेच, उष्णतेने अक्षर उमटतं, त्यामुळे ऊन, गरमी, प्लॅस्टिकचं पाकीट यांनी ते उडतं आणि काही महिन्यांनी हातात कोरा चिटोरा राहतो. मिळाली त्या दिवशी फोटो काढायचा, झेरॉक्स काढायची आणि झेरॉक्सला मूळ पावती पिन करायची. कोणी हुशारी करून लॅमिनेट करू नका, लॅमिनेशनची उष्णता लागली की अख्खी पावती काळी होते. आणि प्रत्येक पावतीच्या झेरॉक्सवर बाजूला कशासाठी ते लिहायचं, "स्लिंग", "ड्रेसिंगचं सामान", कारण वर्षाने "जनरल आयटम" म्हणजे काय हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रवास. हॉस्पिटलच्या, फिजिओच्या, वकिलाच्या प्रत्येक खेपेची तारीख, कुठून कुठे, किती अंतर, कशाने गेलात. स्वतःची गाडी असली तरी लिहा. पार्किंगसुद्धा.

कपडे, चष्मा, हेल्मेट, पर्स, जे त्या दिवशी अंगावर होतं ते धुवायचं नाही, टाकायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. माझं हेल्मेट आई टाकून देणार होती, अपशकुनी वस्तू घरात नको म्हणून! त्याच्या आतल्या थर्माकोलला गेलेली चीर हाच पुढे सगळ्यात बोलका पुरावा ठरला. रक्ताचे कपडे आधी सावलीत पूर्ण वाळवा आणि कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमधे बुरशी धरते.

रिकामटेकडा

सायकलवेडा, आईंचा मुद्दा मात्र पटला :)

अवांतर: एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं होतं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त पहिल्या तासा-दिवसांत विसरतं, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. त्याने अर्थहीन अक्षरं पाठ केली होती, अपघात नव्हे, पण सांगायचा मुद्दा असा की "निवांत झाल्यावर लिहू" याला अर्थ नाही. अपघात कसा झाला हे ताईंकडून आत्ता वदवून घ्या, कुठल्या बाजूने येत होत्या, सिग्नल काय होता, पाऊस होता का, उजेड किती, गाडी कुठून आली, ड्रायव्हर उतरून काय म्हणाला. जे आठवत नाही तिथे "आठवत नाही" असंच लिहा, रिकामी जागा अंदाजाने भरू नका.

वकिलीणबाई

रिकामटेकडा यांना अनुमोदन, शेवटच्या वाक्याला तर दोनदा. ड्रायव्हर जागेवर जे बोलला ते त्याच्याच शब्दांत. "त्याने चूक कबूल केली" हा झाला तुमचा निष्कर्ष, "तो म्हणाला मी फोनकडे बघत होतो" हे झालं त्याचं बोलणं. ज्यांनी बघितलं त्यांची नावं-नंबर घ्या, शक्य असेल तर त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायला सांगा. तुम्ही मजकूर सांगून त्यांच्याकडून लिहवून घेऊ नका, तीन साक्षीदारांची वाक्यं सारखी निघाली की तिघेही पडतात.

टंकलेखक

फोटोंबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून मी.

१) जखमेचा प्रत्येक फोटो दोनदा, एक लांबून ज्यात शरीराचा कुठला भाग ते कळेल आणि चेहरा दिसेल, एक जवळून, बाजूला मोजपट्टी ठेवून. पट्टी नसेल तर जखम मोठी की लहान हे फोटोवरून कळतच नाही.

२) रोज तीच जागा, तोच उजेड, फ्लॅश नको. काळंनिळं हिरवट-पिवळं होत जातं, टाके निघतात, व्रण लाल असतो तो हळूहळू फिका होतो. व्रण पुरता स्थिरावायला वर्ष किंवा जास्त लागू शकतं, म्हणजे सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी आणि नंतर महिन्याला एक असे काढत राहायचे.

३) फिल्टर, क्रॉप, ब्युटी मोड काहीही नको. मूळ फाईलमधे तारीख, वेळ, कॅमेरा ही माहिती दडलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि ही माहिती गळते. म्हणून घरच्या ग्रुपवर टाकून "सेव्ह आहे ना" असं म्हणू नका, मूळ फाईल फोनमधून कॉम्प्युटरवर, तिथून एका पेनड्राईव्हवर. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

४) घटनास्थळाचा सीसीटीव्ही. रेकॉर्डर भरला की जुन्यावर नवं रेकॉर्ड होतं, कुठे काही दिवसांत, कुठे काही आठवड्यांत. आज लेखी पत्र द्या की अमुक तारीख, अमुक वेळ, एवढं फुटेज जपून ठेवा. तुम्हाला लगेच दिलं नाही तरी पत्र देऊन ठेवा. कोणाच्या डॅशकॅममधे असेल तर कार्ड बाहेर काढायला सांगा, तेही फिरून फिरून स्वतःवरच लिहितं.

५) ताईंच्या फोनमधे पावलं मोजणारं अ‍ॅप आहे का? बऱ्याच फोनमधे ते न सांगता चालूच असतं. अपघाताआधीच्या महिन्यांची आणि नंतरची पावलं शेजारी ठेवून बघा. हे कोणी मुद्दाम क्लेमसाठी लिहिलेलं नसतं, त्यामुळे वजन आहे. फोन बदलायच्या आधी एक्सपोर्ट करून ठेवा.

खडूस_म्हातारा

पाचवा मुद्दा दुधारी आहे बरं का टंकलेखक. फोन दुसऱ्याच्या खिशात असला तरी पावलं मोजतो. तो पुरावा द्यायचा तर त्यातल्या गैरसोयीच्या दिवसांसकट द्यावा लागतो.

फिजिओ_अनु

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज असे पेशंट बघते. डायरीत लोक एकतर काहीच लिहीत नाहीत किंवा "आज खूप दुखलं" असं रोज लिहितात, दोन्हीचा उपयोग नाही. दुखणं ०ते१० मधे मोजा, ठीक आहे, पण नुसता आकडा पोकळ असतो, कारण माझा सहा आणि तुमचा सहा वेगळा. आकड्याला काम जोडा. काय करताना दुखलं, किती वेळ राहिलं, कशाने कमी झालं. आणि कसं दुखतंय तेही, ठणकतंय, चमक निघते, जळजळतं, मुंग्या येतात की बधीर आहे, कारण मुंग्या आणि बधीरपणा नसेकडे बोट दाखवतात, ठणका सुजेकडे, आम्हाला त्यावरून उपचार बदलता येतात. मॅकगिल पेन क्वेश्चनेअर म्हणून मेलझॅक यांची १९७५ची प्रश्नावली आहे ती अशाच वर्णनाच्या शब्दांवर उभी आहे.

मनगट मागे किती वाकतं ते आम्ही अंशांत मोजतो, निरोगी मनगट साधारण ७० अंश मागे जातं. तुमच्या फिजिओला दर मोजणीची प्रत मागा, बहुतेक जण देतात, आपण मागत नाही. पकडीची ताकदही मोजतात, दुसऱ्या हाताच्या तुलनेत. ती मोजणी आणि तुमच्या डायरीतलं "बरणीचं झाकण उघडलं नाही" हे एकाच आठवड्यात पडलं की दोन्ही एकमेकांना आधार देतात.

व्यायाम घरी केले तेही लिहा. आणि नाही केले तर का नाही तेही. दिलेले उपचार घेतले नाहीत असं दिसलं की समोरची बाजू तेच धरून बसते.

निवांत_मी

एक शंका. रोज बसून काय दुखतंय याचा विचार केला की माणूस अजून खचणार नाही का? आमच्या एका नातेवाईकांचं तसं झालं, दिवसभर तेच.

फिजिओ_अनु

रास्त शंका. म्हणून मी सांगते की ठरलेली एकच वेळ, पाच मिनिटं, आणि वही बंद. दिवसभर अंगाकडे लक्ष लावून बसायचं नाही. सुरुवातीचे आठवडे रोज, नंतर आठवड्यातून एकदा, आणि काही नवीन झालं किंवा डॉक्टरकडे गेलात की त्या दिवशी. बरं झालेलंही लिहायचं, ते खचू देत नाही. मन उदास असेल, झोप उडाली असेल, रस्ता ओलांडायची भीती बसली असेल तर तेही दुखापतीतच येतं, लिहा आणि डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

मनस्विनी_के

खूप खूप आभार सगळ्यांचे. ताई बोलते आणि मी लिहिते असं ठरवलंय. आजची नोंद टाकते, बघा कशी वाटते:

"मंगळवार. आज खूपच त्रास झाला. असह्य वेदना. काहीच करता येत नाही. रात्रभर झोप नाही. जगणं नकोसं झालंय."

खडूस_म्हातारा

बाई, राग मानू नका, पण ही नोंद मी नोकरीत असतो तर खूश झालो असतो. "काहीच करता येत नाही" म्हटल्यावर मला ताई डाव्या हाताने मोबाईल धरून उभ्या असलेल्या एका फोटोत दिसल्या की पुरे. "रात्रभर झोप नाही" म्हणजे एक मिनिटही नाही? शेवटचं वाक्य खरंच मनातून आलं असेल तर ते वहीत लिहून थांबू नका, आज त्यांच्याशी बोला आणि डॉक्टरांना सांगा. बोलायची पद्धत म्हणून आलं असेल तर काढा. ताईंना विचारा, काल रात्रीपासून आत्तापर्यंत नक्की काय काय झालं, तासातासाने.

मनस्विनी_के

विचारलं. शेवटचं ती नेहमीच म्हणते, दूधवाला आला नाही तरी म्हणते, तरी पुन्हा खोदून विचारलं, ठीक आहे ती. आता असं झालं:

"मंगळवार, रात्री ९ वाजता, मी सांगितलं आणि बहिणीने लिहिलं. रात्री कुशीवर वळताना मनगटात कळ आली, जाग आली, पुन्हा झोप लागायला वेळ लागला. सकाळी केस बहिणीने बांधले, शर्टाची बटणंही तिनेच लावली. उठल्यावर ठणका दहापैकी सहा, गोळी घेतल्यावर तासाभरात तीन. जेवण डाव्या हाताने, चमच्याने. दुपारी मोबाईलवर मेसेज वाचताना डोकं जड झालं, अंधार करून पडले, संध्याकाळी बरं. जिना एक एक पायरी, कठडा धरून, उतरताना गुडघा जास्त दुखतो. आज बोटं कालपेक्षा जास्त मिटली."

खडूस_म्हातारा

ही नोंद कोणीही खोडून दाखवावी.

वकिलीणबाई

सुरेख. "मी सांगितलं आणि बहिणीने लिहिलं" हे तर फारच चांगलं, ते रोज राहू द्या. खाली दोघींची सही. आता वहीचे नियम सांगते: बांधलेली वही, सुटे कागद नकोत. चुकलं तर एक रेघ मारा, व्हाईटनर नको, पान फाडू नका. एखादा दिवस राहिला तर राहिला. नंतर आठवून लिहिलं तर आजची तारीख टाकून "शुक्रवारचं आज आठवून लिहिते आहे" असं स्पष्ट लिहा. एकाच पेनाने, एकाच हाताच्या वळणाने, सुट्टीचा गृहपाठ आदल्या रात्री उरकावा तशा दोनशे नोंदी केलेल्या डायऱ्या येतात आमच्याकडे, बघताक्षणी कळतं.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, ही वही उद्या समोरच्या वकिलाच्या हातात जाऊ शकते. म्हणून तिच्यात नवऱ्याशी भांडण, वकिलाने दिलेला सल्ला, "एवढे पैसे तर मिळायलाच पाहिजेत" असलं काही नको. वकिलाशी बोलणं वेगळ्या कागदावर, वहीचं कसं वापरायचं हेही तुमच्या वकिलांना विचारून घ्या, कुठे कुठे वकिलाच्या सांगण्यावरून केलेल्या टिपणांना वेगळं संरक्षण असतं.

कावळा_उडाला

सोशल मीडियाचं विसरलात. माझ्या ओळखीत एकाने कंबरेच्या दुखापतीचा क्लेम चालू असताना लग्नातला नाचतानाचा फोटो टाकला, प्रत्यक्षात दोन मिनिटं उभा राहून खुर्चीत बसला होता, पण फोटोत ते दिसत नाही ना. मग जुन्या पोस्ट डिलीट करायच्या का?

वकिलीणबाई

डिलीट अजिबात नाही! क्लेम सुरू झाल्यावर पुसलेली पोस्ट म्हणजे पुरावा नष्ट केला असा आरोप. नवीन टाकणं थांबवा, एवढंच. आणि असा चांगला दिवस आला तर तो डायरीत आधीच लिहिलेला असू द्या, "लग्नाला गेले, थोडा वेळ उभी राहिले, दुसऱ्या दिवशी उठताना त्रास." मग तो फोटो निघाला तरी काही बिघडत नाही.

सायकलवेडा

कमाईचं राहिलं. ताई नोकरी करतात की स्वतःचं काम? नोकरी असेल तर आधीच्या काही महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, रजेचा हिशोब (भरपगारी रजा वापरली तरी ती गेलीच ना, ती लिहा), बुडालेला ओव्हरटाईम, ऑफिसचं पत्र. स्वतःचं काम असेल तर जरा कटकट आहे, मला होती. "तुमचं किती नुकसान झालं" म्हणून विचारलं तर आकडा हवेतून काढता येत नाही. मी ज्या ज्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं ते मेसेज जपले, मागच्या वर्षी याच महिन्यांत किती काम केलं होतं तो हिशोब काढला, आणि माझ्या जागी ज्याला बोलावलं त्याला दिलेले पैसे बँकेतून दिले, रोख नाही.

मनस्विनी_के

ताई घरी शिवणकाम करते, म्हणजे उजवा हातच सगळं. ऑर्डरची वही आहे तिची! आणि घरातलं सगळं आता मी आणि माझा मुलगा करतोय, त्याचं काही असतं का की ते आपलं आपलं?

वकिलीणबाई

असतं. बऱ्याच देशांत घरच्यांनी फुकट केलेल्या शुश्रूषेचंही मोल धरतात. कोणी, काय, साधारण किती वेळ, एवढंच लिहा: "अंघोळीला मदत, मी, अर्धा तास." अपघात झाला नसता तरी तुम्ही जे केलंच असतं ते मोजू नका. ऑर्डरची वही तर सोनं आहे, तिच्यात आत्ता काहीही नव्याने लिहू नका, आहे तशी बाजूला ठेवा आणि परत केलेल्या ऑर्डरींसाठी वेगळी वही करा.

मनस्विनी_के

अपडेट. हॉस्पिटलने पुरवणी नोंद करून दिली, आधी "रेकॉर्ड बदलत नाही" म्हणाले, मग वकिलीणबाईंनी सांगितलं तसं "बदलू नका, खाली जोडा" म्हटलं आणि एक्सरे दाखवला तर लगेच तयार झाले. पण आज दुसरंच. इन्शुरन्सचा फोन आला ताईला थेट, फार गोड बोलत होते, कशा आहात विचारलं, ही सवयीने म्हणाली "बरी आहे आता". मग म्हणे संभाषण रेकॉर्ड होतंय. आणि एक फॉर्म पाठवलाय सहीसाठी.

खडूस_म्हातारा

"कशा आहात" ला "बरी आहे" हे सगळे जण म्हणतात, त्याने आभाळ कोसळत नाही. पण आता ताईंनी फोन घ्यायचे नाहीत, "वकिलांशी बोला" आणि नंबर द्यायचा, भांडायचं नाही. आजच्या फोनची नोंद करा, वेळ, कोण बोललं, काय विचारलं, काय उत्तर दिलं. फॉर्मवर सही नाही. नीट वाचा, त्यात "पूर्ण आणि अंतिम" असले शब्द असतील. मनगट अजून प्लास्टरमधे आहे, पुढे किती वाकणार हे देवालाही माहीत नाही, आणि अंतिम म्हणून सही केली की नंतर दुसरं ऑपरेशन लागलं तरी सहसा दार बंद.

मनस्विनी_के

हो, आहेत ते शब्द. तिसऱ्या पानावर. वकिलांना पाठवला. त्यांनी अजून एक सांगितलं की कंपनी त्यांच्या डॉक्टरकडे तपासणीला बोलावेल. तिथे वही न्यायची का?

डॉ_उंटावरचा

वही न्यायची की नाही ते वकील ठरवतील, पण आदल्या रात्री वाचून जा. अशा तपासणीत विचारतात आधी कधी मनगट दुखलं होतं का, गुडघ्याचं जुनं काही आहे का. असेल तर सांगायचं, जुने कागद कुठेतरी असतातच. "गुडघा आधी जिना चढताना कधीतरी दुखायचा, आता उतरतानाही दुखतो आणि सुजतो" हे उत्तर पूर्णपणे ठीक आहे. जेवढं वाकतं तेवढं वाकवून दाखवा, मुद्दाम कमी नाही आणि दात ओठ खाऊन जास्तही नाही. आत गेलात ती वेळ आणि बाहेर आलात ती वेळ लिहून घ्या, काय काय तपासलं तेही, बाहेर आल्या आल्या, गाडीत बसूनच.

फिजिओ_अनु

आणि त्या दिवशी घरी आल्यावर मनगट किती दुखलं ते रात्रीच्या नोंदीत. तपासणीत बरंच वाकवतात, दुसऱ्या दिवशी सूज आली तर फोटो काढा, पट्टी ठेवून.

मनस्विनी_के

पट्टी आता वहीतच ठेवलीय. तारीख आली की सांगते.